गरिबी घटली, मग लोक रस्त्यावर का?

वाचकाचे पत्र:

आमचा पंधरा-वीस जणांचा नागरिक गट आहे. वाढती विषमता आणि त्यातून उसळणारी आंदोलने, दंगली या विषयावर लोकप्रतिनिधींना निवेदन द्यायचे ठरले. मसुदा माझ्याकडे आला आणि तिथेच गाडी अडली. गटातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, "गरिबी सगळीकडे कमी झालीय, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. हा सगळा भडकवणाऱ्यांचा खेळ." दुसऱ्या एक ताई म्हणतात, "विषमता वाढली की भडका उडणारच. श्रीमंतांवर कर लावा, एवढेच लिहा." मला दोन्ही अर्धवट वाटते, पण खोडता येत नाही. निवेदनात नेमके काय मागावे आणि आकडे कोणते द्यावेत?
एक कार्यवाह

उत्तर:

दोन्ही म्हणणी अर्धवट आहेतच. पण दोघे वेगवेगळ्या जागी चुकतात, आणि त्या जागा सापडल्या की तुमचा मसुदा पुढे सरकेल.

आधी ताईंचे पाहू, कारण त्यांची बाजू हीच निवेदनाची बाजू आहे आणि ती कच्ची राहिली तर सगळे निवेदन कोसळेल. "विषमता वाढली की भडका उडणारच" असे लिहाल तर कुणीही अभ्यासू अधिकारी ते एका दाखल्यात मोडीत काढेल. ब्राझीलमध्ये 2000 नंतर विषमता घटत होती. उत्पन्नाचा गिनी निर्देशांक (विषमतेचे माप: 0 म्हणजे सगळ्यांना सारखे, 1 म्हणजे सगळे एकाकडे) 0.59 च्या आसपास होता, तो दहा-बारा वर्षांत 0.53 च्या आसपास उतरला. तरी जून 2013 मध्ये साओ पावलोत बसभाडे 20 सेंतावोंनी, म्हणजे तिथल्या 20 पैशांनी वाढले आणि पाहता पाहता देशभर लाखो लोक बाहेर पडले. ट्युनिशियातही 2010 पूर्वीच्या दशकात विषमतेचे आकडे चढत नव्हते. सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बुआझिझी या फेरीवाल्याचा माल आणि वजनकाटा जप्त झाला, तो दाद मागायला गेला तर कुणी भेटेना, त्याने 17 डिसेंबर 2010 रोजी स्वतःला पेटवून घेतले. 14 जानेवारी 2011 ला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. उलट, विषमता अफाट असूनही वर्षानुवर्षे शांत राहिलेले देशही आहेत.

आता ज्येष्ठांचे. त्यांच्यासाठी चिली पुरेसा आहे. तिथे 1990 नंतर गरिबी झपाट्याने घटली आणि चिली हा शेजाऱ्यांना आदर्श म्हणून दाखवला जाई. ऑक्टोबर 2019 मध्ये सांतियागोच्या मेट्रोचे गर्दीच्या वेळचे भाडे 800 वरून 830 पेसो झाले. भिंतीभिंतीवर मजकूर उमटला: प्रश्न 30 पेसोंचा नाही, 30 वर्षांचा आहे. सरकारने भाडेवाढ मागे घेतली, तरी 25 ऑक्टोबरला एकट्या सांतियागोत दहा लाखांवर माणसे रस्त्यावर होती. भडकवणारे असतातच, ते नाकारू नका. पण दहा लाखांना कामधंदा सोडून बाहेर काढतील इतके भडकवणारे कुठल्याच पक्षाकडे नसतात.

मग बिनसते कुठे? अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी 1973 मध्ये दिलेला एक दाखला अजूनही उपयोगी पडतो. दोन रांगांच्या बोगद्यात वाहतूक तुंबली आहे, दोन्ही रांगांना एकाच दिशेने जायचे आहे. तेवढ्यात शेजारची रांग हलते. तुमची गाडी जागेवरच असते, तरी तुम्हाला हायसे वाटते: चला, पुढे मोकळे झाले, आता आपलाही नंबर लागेल. अर्धा तास जातो. शेजारची रांग पळते आहे आणि तुमची हलत नाही. आता पुढे कुणीतरी लबाडी करतेय असे वाटू लागते, आणि मधली दुहेरी रेघ ओलांडून माणूस गाडी तिकडे घालतो. या सगळ्यात त्याचे काहीही कमी झालेले नाही, फक्त आशा संपली. 'गरिबी घटली' हा आकडा गाडी बोगद्यात शिरल्याचा आहे. रांग हलते का, हे त्यातून कळत नाही.

तेव्हा नुसत्या दरीकडे बघू नका. दरी आहे, ती लबाडीने आलीय अशी लोकांची खात्री आहे, त्यावर एखादा अचानक धक्का बसतो (भाडे, कर, भाव, कर्जवसुली) आणि दाद मागायला दार उरत नाही. हे चारही एकत्र आले की भडका उडतो. पैकी धक्का आणि दार या दोन गोष्टी सरकारच्या हातात लगेच असतात. दरी भरायला पिढी जाते. निवेदनाचा कणा हाच ठेवा.

यंत्रणा कशी फिरते हे 1875 च्या दख्खनच्या दंग्यांत जितके लख्ख दिसते तितके क्वचितच दिसते, म्हणून तिथे थोडे थांबू. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारपेठेत शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर गेले. मागत काय होते? खतावण्या आणि कर्जरोखे. हाती आले तिथे ते जाळले. धान्याची दुकानेही लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या, पण जमावाचा रोख कागदावर होता. दहा-बारा वर्षे मागे गेले की कारण दिसते. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, मागणी आटली, सावकारांनी कर्ज देणे आखडले, आणि नेमक्या त्याच सुमाराला फेरआकारणीत शेतसारा वाढला, कुठे दीडपट तर कुठे दुप्पट.

याहून बोलका आहे तो 1859 चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साचत राहणार नाही, असा त्याचा चांगला हेतू होता. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून त्या बेरजेवर नवा रोखा लिहून घेऊ लागला. कागद-पेन्सिल घेऊन बघा: समजा कर्ज 100 आणि सरळव्याज दरसाल 25 टक्के. तीन वर्षांनी 175. नवा रोखा 175 चा, सहा वर्षांनी 306. पुन्हा नवा रोखा, नऊ वर्षांनी 536. रोखा न बदलता हेच कर्ज नऊ वर्षांनी 325 झाले असते. फरकाचे 211 कर्जदाराच्या मदतीसाठी केलेल्या कायद्याने त्याच्या डोक्यावर बसवले. आणि न्यायालयापुढे फक्त शेवटचा रोखा यायचा, त्यावर अंगठा असायचाच.

दंग्यांच्या चौकशीनंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. त्यातले एक कलम आजही शिकण्यासारखे आहे: न्यायालयाने रोख्यामागे जाऊन कर्जाचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले. म्हणजे ज्या कागदावर लोक चालून गेले होते, त्याच कागदाला जाब विचारायची सोय झाली. पळवाट मात्र निघालीच. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचे. खरेदी म्हटल्यावर मागचा हिशेब कोण काढणार? कुठलीही मागणी लिहिताना हा धडा जवळ ठेवा. ज्याच्यावर बंधन येणार आहे तो दुसऱ्या दिवशी कोणता कागद बदलेल, हे स्वतःला विचारा आणि त्याचे उत्तर मागणीतच घाला.

आता धक्क्याकडे. भाववाढ किंवा अनुदानकपात कधीकधी खरोखर टाळता येत नाही. घात होतो तो क्रमाने. इराणमध्ये हे एकाच देशात दोनदा पाहायला मिळाले. डिसेंबर 2010 मध्ये इंधनावरचे आणि इतर वस्तूंवरचे अनुदान काढले गेले, भाव कित्येक पट झाले. पण त्याआधीच दरमाणशी दरमहा सुमारे 4,55,000 रियाल या हिशेबाने पैसे कुटुंबांच्या खात्यात जमा झाले होते. खात्यात रक्कम दिसत होती, काढता मात्र येत नव्हती. भाव वाढले तेव्हा ती मोकळी झाली. मोठा उद्रेक झाला नाही. 15 नोव्हेंबर 2019 ला तिथेच पेट्रोलचे भाव मध्यरात्री, पूर्वसूचना न देता वाढले: महिन्याच्या 60 लिटरच्या कोट्यापर्यंत दीडपट, त्यापुढे तिप्पट. भरपाईचे पैसे त्यानंतर पडू लागले, तोवर शहरोशहरी लोक उतरले होते. दडपशाहीत शेकडो माणसे मारली गेली. 2019 मध्ये निर्बंध होते, महागाई होती, सरकारवरचा विश्वास उडालेला होता, त्यामुळे सगळे खापर क्रमावर फोडता येत नाही. पण आधी हातात आणि मग खिशातून, की उलटे, याने मोठा फरक पडतो. 2010 ची योजनाही पुढे पोकळ झाली, कारण रक्कम रियालमध्ये गोठवलेली होती आणि महागाईने ती खाल्ली. म्हणून भरपाई मागाल तेव्हा ती महागाई निर्देशांकाला बांधून मागा. हे एक वाक्य विसरले तर चार वर्षांत तुमची मागणी कागदावरच राहील.

क्रमासोबत शेजारीही बघावा लागतो, म्हणजे त्याच वर्षी सरकारने दुसऱ्या कुणाला काय दिले. फ्रान्समध्ये 2018 मध्ये संपत्तीकर जवळपास रद्द होऊन फक्त स्थावर मालमत्तेपुरता उरला, आणि जानेवारी 2019 पासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट कर वाढणार हेही ठरलेले होते. दोन्ही निर्णयांची आपापली कारणे असतील, पण शहरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर राहून रोज गाडीने कामाला जाणाऱ्याने ते एकत्र वाचले. 17 नोव्हेंबर 2018 ला पिवळी जाकिटे घालून लोक चौकाचौकांत उभे राहिले आणि डिसेंबरात करवाढ रद्द झाली. ब्रिटनने त्याआधी वेगळी चूक केली होती: महाल असो की एका खोलीचे घर, एका भागातल्या प्रत्येक प्रौढाला जवळपास तेवढाच स्थानिक कर. स्कॉटलंडमध्ये 1989, इंग्लंड-वेल्समध्ये 1990. 31 मार्च 1990 ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल पेटली आणि 1993 मध्ये तो कर बदलावा लागला. 'सगळ्यांना सारखे' हे ऐकायला न्याय्य वाटते, म्हणूनच फसवे असते.

ताईंच्या 'श्रीमंतांवर कर लावा' या मुद्द्याला इथे जागा आहे, पण तो आकड्यात मांडा. दहा कुटुंबांचे एक गाव समजा, एकूण उत्पन्न 100. वाटणी अशी: 1, 2, 3, 4, 5, 6, 8, 10, 16 आणि 45. खालच्या चार कुटुंबांकडे मिळून 10, वरच्या एकाकडे 45. वरच्या दहा टक्क्यांचा वाटा भागिले खालच्या चाळीस टक्क्यांचा वाटा, याला पाल्मा गुणोत्तर म्हणतात. इथे ते 4.5 येते. गिनी काढला तर 0.54. आता वरच्याकडून 5 घेऊन खालच्या चौघांना सारखे वाटले, तर चौथे कुटुंब 5.25 वर जाऊन पाचव्याला मागे टाकते, म्हणून खालच्या चाळीस टक्क्यांकडे आता 14.75 होतात; पाल्मा 40 भागिले 14.75 म्हणजे 2.71 होतो आणि गिनी 0.47. सभेत फळ्यावर मांडायला पाल्माच घ्या, तो शाळकरी मुलालाही कळतो. गिनी समजावताना अर्धी सभा उठून जाते.

याच गावात वस्तूंवर दहा टक्के कर लावा. 2 मिळवणारा सगळे खर्चतो, त्याचा कर 0.2, म्हणजे उत्पन्नाच्या दहा टक्के. 45 मिळवणारा समजा 15 खर्चतो, कर 1.5, म्हणजे उत्पन्नाच्या सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. 'श्रीमंत जास्त कर भरतात' आणि 'गरिबांवर कराचा बोजा जास्त' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात ती अशी. म्हणून नुसता नवा कर मागू नका, करापूर्वीची आणि कर-अनुदानानंतरची विषमता शेजारी शेजारी छापा, अशी मागणी करा. चिलीत या दोन आकड्यांत फार थोडा फरक असे, तर पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांत तो मोठा असतो. सरकार विषमतेवर काही करते की नुसते बोलते, याचा याहून सरळ मापदंड सापडणे कठीण.

आकडे घेताना तीन ठिकाणी घसरायला होते. खर्चाच्या पाहणीतून काढलेला गिनी उत्पन्नाच्या गिनीपेक्षा सहसा कमी दिसतो, कारण वरचे लोक सगळे खर्चत नाहीत आणि खालचे उसनवारी करून खर्चतात. एका देशाचा खर्चाचा आणि दुसऱ्याचा उत्पन्नाचा गिनी शेजारी ठेवलात तर तुलनाच चुकली. दुसरे, घरोघरच्या पाहणीत अतिश्रीमंत सापडत नाहीत, सापडले तर दार उघडत नाहीत, आणि उघडले तर खरे सांगत नाहीत, म्हणून वरच्या टोकासाठी करविवरणांचा आधार लागतो. तिसरे असे की सगळ्यांचे उत्पन्न दुप्पट झाले तरी गिनी आणि पाल्मा तसूभर हलत नाहीत, पण आपल्या गावातली वरची-खालची दरी 44 ची 88 होते. लोकांच्या डोळ्यांना दिसते ती ही दरी.

आणखी एक मोजमाप बहुतेक निवेदनांत सुटते. दरी जर जात, धर्म, भाषा किंवा प्रदेशाच्या रेषेवरूनच जात असेल, तर तिची धार कैकपटीने वाढते, कारण मग तक्रार करणारा एकटा नसतो, अख्खा समूह असतो. देशाचा सरासरी गिनी बेताचा असूनही ही आडवी विषमता भयंकर असू शकते. आकडे मिळत असतील तर समूहवार आणि प्रदेशवार द्या.

सुधारणा प्रत्यक्षात मरतात त्या यादीत आणि समितीत. इंडोनेशियाने 2005 मध्ये इंधनाचे भाव वाढवताना गरीब कुटुंबांना दरमहा 1 लाख रुपिया, तीन महिन्यांचे एकदम, असे रोख वाटप केले. कल्पना ठीक होती, पण याद्या घाईत झाल्या, आणि नाव सुटलेल्यांचा राग शेवटी गावपातळीवरच्या कार्यालयांवर निघाला. यादी आधी जाहीर व्हावी, हरकतींना मुदत मिळावी आणि हरकत ऐकणारा यादी करणाऱ्याहून वेगळा असावा. या तीन गोष्टी नसतील तर भरपाईचे पैसेच भांडण लावतात.

समितीचा उत्तम नमुना म्हणजे 1946 नंतरच्या जपानमधली जमीन सुधारणा. गावोगावच्या जमीन समितीत दहा सदस्य असत: पाच कुळे, तीन जमीनदार, दोन स्वतः कसणारे मालक. जमीनदार बाहेर ठेवले नव्हते, पण त्यांचे बहुमत होणार नाही अशी बेरीज होती. गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळाकडची सगळी जमीन गेली, गावात राहणाऱ्याला सर्वसाधारणपणे एक हेक्टरच्या आसपास कुळाची जमीन ठेवता आली. कुळांकडून कसल्या जाणाऱ्या जमिनीचा वाटा सुमारे 46 टक्के होता, तो काही वर्षांत दहाच्या आसपास आला. त्या वेळी देशावर परकीय लष्करी अंमल होता आणि जमिनीच्या मोबदल्यात जमीनदारांना मिळालेल्या रोख्यांची किंमत महागाईत विरघळली, हेही नमूद करायला हवे. तशी परिस्थिती मागून मिळत नाही. समितीची बेरीज मात्र मागता येते.

आता मसुदा. पहिली सूचना कदाचित पटणार नाही, पण ऐका: दंगलीची भीती घालू नका. 'अन्यथा उद्रेक होईल' असे वाक्य वाचले की समोरचा फाइल गृहखात्याकडे सरकवतो आणि उत्तर येते बंदोबस्ताचे. दंगल हा शब्द फार तर एकदा, दाखल्यापुरता येऊ द्या.

दोन पाने पुरेत. पहिल्या परिच्छेदात तुमच्या भागातला एकच धक्का घ्या, जो लोकांना रोज लागतो: एखादे शुल्क, भाडे, वसुली. तो खालच्या थरातल्या कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाचा किती टक्के खातो आणि वरच्याच्या किती, हे दोनच आकडे. आंतरराष्ट्रीय निर्देशांकांची माळ घालू नका. मग मागण्या, चारच्या वर नकोत. शब्द असे ठेवता येतील: "कोणतीही दरवाढ लागू होण्याच्या किमान 30 दिवस आधी ती जाहीर व्हावी आणि भरपाईची पहिली रक्कम दरवाढीपूर्वी खात्यात जमा व्हावी. ही रक्कम दर सहा महिन्यांनी महागाई निर्देशांकानुसार बदलावी. लाभार्थी यादी जाहीर करून हरकतींसाठी 21 दिवस द्यावेत आणि हरकतींवर यादी करणाऱ्या कार्यालयाबाहेरच्या व्यक्तीने निर्णय द्यावा. प्रत्येक नव्या कराचा किंवा करसवलतीचा उत्पन्नगटवार परिणाम निर्णयापूर्वी प्रसिद्ध करावा." दिवसांचे आकडे परिस्थितीप्रमाणे बदला, पण आकडा ठेवाच. 'लवकरात लवकर' लिहिलेल्या मागणीचा पाठपुरावा करता येत नाही.

प्रत्येक मागणीसमोर ती कोणाच्या अधिकारातली आहे ते लिहा. स्थानिक संस्थेच्या हातात नसलेली गोष्ट तिच्याकडे मागितली की उरलेल्या तीनही मागण्यांना तेच कारण चिकटवून निवेदन परत येते.

सहीपूर्वी मसुदा गटातल्या त्या दोघांकडे द्या. ताईंना पळवाटा शोधायला सांगा, प्रत्येक मागणीखाली किमान एक. ज्येष्ठांना विरोधी उत्तर लिहायला सांगा, तुमचे लोकप्रतिनिधी लिहितील तसे. त्यांचे उत्तर ज्या वाक्यावर सगळ्यात जोरात बसेल, ते वाक्य पुन्हा लिहून घ्या आणि मगच टंकायला द्या.